सावड आणि सोबत



२०२१ साली आपण सर्वजण ‘निगेटिव्ह’ हा शब्द शिकलो. कोविडची तपासणी निगेटिव्ह आली की घरात आनंद होत असे. त्याच वर्षी माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या, स्तनातील गाठीचा तुकडा तपासून आला. रिपोर्ट इंग्रजीत होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, शाळेत शिकवणारी, म्हणून तो वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात एकाखाली एक तीन वेळा ‘निगेटिव्ह’ लिहिले होते. दाजी म्हणाले, “तीनदा निगेटिव्ह! म्हणजे काळजीचे कारण नाही.” मी पदवीधर, पण क्षणभर मलाही तसेच वाटले. डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा कळले की कर्करोग तर आहेच, आणि त्यावर एरवी चालणारी दोन प्रकारची मोठी औषधे आमच्या कामाची नाहीत, एवढेच ते तीन शब्द सांगत होते.

आज मी तुमच्यापुढे जो प्रश्न मांडणार आहे तो औषधाचा नाही, नीतीचा आहे. एकाच दुखण्याने पिडलेली माणसे एकमेकांचे काय देणे लागतात, हा तो प्रश्न. परंतु दुखणे समजल्याखेरीज देणे समजणार नाही, म्हणून आधी थोडे दुखण्याविषयी.

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर पुष्कळदा काही ठरावीक खुणा असतात. त्यांना आपण कुलपे म्हणू. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची दोन कुलपे, आणि हर-टू नावाच्या प्रथिनाचे तिसरे. कुलूप असले की किल्ली चालते. संप्रेरकांच्या कुलपासाठी वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळ्या आहेत, हर-टूसाठी इंजेक्शने आहेत. ज्या गाठीत यांपैकी एकही कुलूप हाती लागत नाही, तिला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. हे नाव २००५ च्या सुमारास रूढ झाले. जगात स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे दहा ते पंधरा या प्रकारचे असतात. भारतातील अभ्यासांत हे प्रमाण तिसाच्या आसपास आढळले आहे. तरुण बायकांत हा प्रकार तुलनेने अधिक दिसतो. काही घराण्यांत बीआरसीए-वन नावाच्या जनुकातील दोष आईकडून किंवा बापाकडून लेकरांत उतरतो, आणि अशा बायकांत हा प्रकार पुष्कळदा सापडतो. उपचाराची मुख्य भिस्त केमो, शस्त्रक्रिया आणि शेक यांवर असते. वेळेवर उपचार मिळालेल्या पुष्कळ बायका पूर्ण बऱ्या होतात. मात्र हा आजार उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त असतो. पाच वर्षांनंतर तो बराच उतरतो. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. पुढचा सारा प्रश्न त्यावर उभा आहे.

अक्काच्या केमोसाठी आम्ही मुंबईला आलो. गाडगेबाबांच्या नावाने दादरला जी धर्मशाळा आहे, तिथे गावोगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे सोबती उतरतात. आम्हीही तिथे उतरलो. मला इंग्रजी वाचता येते हे एका बाईला कळले आणि दुसऱ्या दिवशी चौघीजणी आपापल्या फायली घेऊन माझ्यापुढे बसल्या. चौघींच्याही कागदावर तेच तीन शब्द होते. अशी अक्कासह पाच जणींची ओळख झाली. त्यांत लातूरकडच्या एक भाजी विकणाऱ्या बाई होत्या. त्यांचे उपचार आमच्या चार महिने आधी सुरू झाले होते. वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्या त्यांना मावशी म्हणत. शाळा पाचवीपर्यंत. परंतु त्या चार महिन्यांत मावशी जे शिकल्या होत्या ते माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

केमोतले लाल औषध चढल्यावर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे, घाबरू नको, हे मावशींनी आधीच सांगून ठेवले. केस गळू लागले की उशीवर पुंजके पाहून जीव जातो, त्यापेक्षा आधीच बारीक कापून घे, म्हणाल्या. तोंड आले की मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. पुढच्या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, तेव्हा ते अंगावर न काढता डॉक्टरांना सांगायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि साधा जंतूही जिवावर बेततो. एका रात्री अक्काला ताप भरला. मी म्हणाले, सकाळी जाऊ. मावशींनी माझे ऐकले नाही, टॅक्सी बोलावली. त्या रात्री अक्का कोणामुळे वाचली हे मला ठाऊक आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो, शस्त्रक्रिया आणि शेक बसतात, उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, हेही मावशींना तोंडपाठ होते. प्रत्येकीच्या पहिल्या डोसच्या रात्री त्या फोन करीत किंवा खाटेशी येऊन बसत. “झोप येत नाही ना? मलाही नव्हती आली.” बस, एवढेच बोलत.

घरची माणसे हे का देऊ शकत नाहीत? ती प्रेम देतात, पैसा उभा करतात, रात्री जागतात. पण आजारी बाई त्यांच्यापुढे हसून बोलते, कारण तिला त्यांना सांभाळायचे असते. लेकरांपुढे ती रडत नाही. नवऱ्यापुढे अंगावरचा व्रण उघडा करताना तिला संकोच वाटतो. त्याच व्रणाच्या दुसऱ्या बाईपुढे तिला काही लपवावे लागत नाही. १९५२ साली अमेरिकेत टेरेस लासर नावाच्या बाईंनी हेच ओळखले होते. त्यांचा स्वतःचा स्तन कर्करोगामुळे काढलेला होता. हात वर उचलण्याचा व्यायाम करण्यासाठी रबरी चेंडू आणि दोरी घेऊन त्या इस्पितळांत अशाच बायकांना भेटू लागल्या. डॉक्टरांनी आधी विरोध केला. शेवटी १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते काम आपलेसे केले.

आता खरा प्रश्न. या सोबतीने आयुष्य वाढते काय?

१९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड स्पीगल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ बायका त्यात होत्या. त्यांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र बसून बोलत होत्या, त्या सरासरीने इतरांच्या जवळजवळ दुप्पट जगल्या, असे त्यात आढळले. जगभर आनंद झाला. परंतु शास्त्राची रीत अशी की एकदा दिसलेले पुन्हा तपासायचे. २००१ साली कॅनडात २३५ बायकांचा अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलेले दिसले नाही. २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या अभ्यासातही एकंदरीत वाढ दिसली नाही. ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेनचे कुलूप नव्हते अशा थोड्या जणींत फरक दिसला, पण ती संख्या इतकी लहान की तिच्यावर भरवसा ठेवून चालत नाही. मात्र कॅनडाच्या अभ्यासात एक गोष्ट आढळली. ज्या बायका फार खचल्या होत्या त्यांचे मन सावरले, आणि ज्यांना वेदना जास्त होत्या त्यांना त्या कमी जाचू लागल्या.

मी हे का सांगते? आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. जे तपासून टिकत नाही ते गोड असले तरी धरून ठेवायचे नाही, ही आपली शिकवण. सोबतीने कर्करोग बरा होतो, असे आपण कोणाला सांगता कामा नये. यात एक मोठा धोका लपलेला आहे, तो नीट पाहा.

आजारी माणसाला आपण म्हणतो, “मन खंबीर ठेव, बरी होशील. अमकीने हिंमत धरली म्हणून ती वाचली.” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मग जी वाचली नाही तिचे काय? तिची हिंमत कमी पडली काय? म्हणजे मरणारीच्या माथी तिच्या मरणाचा दोष आपण मारला. पूर्वी आपल्या वाडवडिलांना सांगत, तुमचे हे हाल गेल्या जन्मीच्या पापाचे फळ आहेत. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा नाही, असे मांडले. पाली सुत्तांत सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले आहे की सगळे भोग पूर्वकर्मानेच येतात काय. बुद्धाने ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, अपघात अशी कारणे त्याने मोजून दाखविली. मग धर्मांतर करून आपण जे ओझे टाकले, तेच ‘हिंमत कमी पडली’ या नव्या शब्दांत आजारी बाईच्या डोक्यावर पुन्हा का ठेवायचे? गाठ पेशींच्या बिघाडाने होते. ती पापाने होत नाही, आणि नुसत्या हिमतीने विरघळतही नाही.

तर मग, सोबतीने आयुष्य वाढेलच असे नाही. असे असता सोबत का करायची? याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते शोधण्याची वेळ आमच्यावर आली तेव्हा आम्ही चुकलो, आणि ती चूक मी तुमच्यापुढे ठेवते.

उपचार संपले. पाचही जणी आपापल्या गावी गेल्या. फोन चालू होते. वर्षभराने मावशींना खोकला सुरू झाला. तपासणीत आजार फुप्फुसात उतरल्याचे दिसले. त्या पुन्हा मुंबईला आल्या आणि धर्मशाळेत राहू लागल्या. आम्हाला कळले त्या दिवशी अक्का काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात मी विचारले, “भेटायला जायचे ना?” ती म्हणाली, “तिच्या खोकल्यात मला माझा खोकला ऐकू येतो. मला नाही जमणार.” मी काय म्हणावे? मी म्हणाले, “नको जाऊस. तुझी तब्येत आधी.” इतर तिघींचेही तसेच झाले. कोणी पुढच्या महिन्यात जाते म्हणाली, कोणाच्या घरी लग्न निघाले. फोनही थांबले, कारण बोलायचे काय? दोन महिने गेले. जिने प्रत्येकीची पहिली रात्र सांभाळली होती, तिच्याकडे आमच्यापैकी एकही गेली नाही.

आपल्या खेड्यांत ‘सावड’ नावाची एक चांगली पद्धत होती. आज तुझे बैल माझ्या शेतात, उद्या माझे तुझ्या. दोघांचेही काम होते, पैसा लागत नाही. परस्परांना साह्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हीच सावड येते. पण सावडीचा एक नियम आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. ज्याच्याकडे बैल नाही, त्याला सावडीत कोणी घेत नसे. आमची पाच जणींची सोबत म्हणजे नकळत अशी सावडच झाली होती. मावशींकडे देण्यासारखे होते तोवर त्या सावडीत होत्या. आता त्यांच्याकडे फक्त खोकला आणि भीती उरली, आणि आम्ही त्यांना बाहेर ठेवले. सावड मोडली असेही कोणाला वाटले नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे, तो तुम्ही विहारात ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तिथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही, असे बुद्धाने विचारले. भिक्खू म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. हे उत्तर पुन्हा वाचा. त्याने तक्रार केली नाही. त्यालासुद्धा ते रास्तच वाटत होते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, एकाने डोके आणि एकाने पाय धरून त्याला खाटेवर निजविले. मग बुद्धाने संघ बोलावला आणि सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

त्या दिवसापासून संघात हिशेबाची सावड चालणार नाही, असे ठरले. देणारा परत मिळेल म्हणून देत नाही, आणि घेणाऱ्याला आपण उपयोगाचे आहोत हे सिद्ध करावे लागत नाही. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत. त्याला औषध देता यावे, पथ्य काय आणि कुपथ्य काय हे कळावे, मलमूत्राची आणि ओकारीची किळस वाटू नये, आणि त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. आजाऱ्यालाही तिथे कर्तव्य सांगितले आहे. त्याने आपले दुखणे आहे तसे सांगावे, लपवू नये.

यावर कोणी म्हणेल, “बाई, तुम्ही निरोगी आहात. ज्या बाईच्या डोक्यावर तीच तलवार टांगलेली आहे, तिने उलटलेल्या आजाराच्या खाटेशी जाऊन बसावे असे सांगण्याचा तुम्हाला काय अधिकार?” हा आक्षेप खरा आहे. मी त्याला हलका समजत नाही. ज्या बाईची दोन रात्री झोप उडते, तिला त्या दाराशी ओढत नेणे ही करुणा नव्हे. एकटीवर हे कर्तव्य लादता येत नाही. पण बुद्धाने कोणा एकाला बोलावून दोष दिला नाही, त्याने सगळा संघ बोलावला. एक जण थकली तर दुसरीने जावे, रुग्ण बाईला जमत नसेल तर तिच्या बहिणीने जावे. मला कर्करोग नव्हता. माझ्या डोक्यावर तलवार नव्हती. मला जाता आले असते. “नको जाऊस” असे अक्काला सांगताना मी स्वतःलाही मोकळे करून घेतले, ही माझी चूक.

परतफेडीची आशा नसताना दिलेले देणे वाया जाते, असेही कोणी समजू नये. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१० ते २०२० या काळात ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगाच्या ७२० बायकांचा एक अभ्यास केला. नेहमीच्या केमोला कार्बोप्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध जोडले तर फायदा होतो काय, हे पाहायचे होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली, निम्म्या जणींना ते औषध मिळाले, निम्म्यांना मिळाले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. पन्नाशीपुढच्या बायकांत फायदा दिसला नाही. पण पन्नाशीपर्यंतच्या बायकांत, पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांची संख्या त्या औषधामुळे शंभरामागे सुमारे अकराने जास्त निघाली. या आजारावर २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पेम्ब्रोलिझुमॅब नावाचे नवे औषध आहे, पण त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. कार्बोप्लॅटिन गरिबाला परवडते. आता विचार करा. त्या ७२० जणींना, विशेषतः ज्यांना ते औषध मिळालेच नाही त्यांना, त्या माहितीचा काय उपयोग झाला? त्यांच्यातल्या कित्येक जणी निष्कर्ष ऐकायला उरल्या नाहीत. आज उपचाराला येणारी पस्तीस वर्षांची बाई त्यांचे देणे कसे फेडणार? ती त्यांना ओळखतही नाही. तिला ते पुढच्या बाईलाच द्यावे लागेल.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मावशींचाच फोन आला. त्यांनी “का आली नाहीस” असे विचारले नाही. “तुझी सहा महिन्यांची तपासणी झाली का ग?” असे विचारले. अक्काने फोन ठेवला आणि म्हणाली, “उद्याच्या गाडीची तिकिटे काढ.”

आम्ही गेलो. आजाराबद्दल काय बोलायचे हा आमच्यापुढे प्रश्न होता. मावशींनी तो सोडवला. त्यांना मेथी खावीशी वाटत होती. अक्का खाली जाऊन दोन जुड्या घेऊन आली आणि खाटेशी बसून निवडू लागली. मावशी लातूरच्या बाजारातले भाव सांगत होत्या. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. अक्काचे हात थांबले, पण ती उठली नाही. उबळ गेल्यावर मावशी म्हणाल्या, “मला भीती वाटते.” अक्का म्हणाली, “मलाही.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि बोलण्याची गरजही वाटली नाही. आम्ही आणखी दोनदा गेलो. चौथ्या वेळी जायचे होते त्याच्या आदल्या दिवशी मावशी गेल्या. तीन भेटी आम्ही दिल्या. ते दोन महिने मात्र आता कोणाला देता येणार नाहीत.

सोबत का करायची, याचे मला उमगलेले उत्तर एवढेच आहे. आजार आपल्या हाती नाही. पण आपल्या भीतीसह एकटे पडणे, आपण निरुपयोगी झालो असे वाटणे, हे दुःख माणसानेच माणसाला दिलेले असते. जे माणसाने दिले ते माणसाला काढता येते. त्याने एक दिवसही आयुष्य वाढले नाही तरी ते काढलेच पाहिजे.

आता तुम्ही काय करावे ते सांगते. स्तनात गाठ लागली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका. वय तीस असले तरी थांबू नका. अंगारा, उतारा, गावठी काढा यांत महिने घालवू नका. या आजारात महिने फार मोलाचे असतात. घरात कमी वयात हा आजार झाला असेल तर जनुकांची तपासणी करावी काय, हे डॉक्टरांना विचारा. अक्काची ती तपासणी झाली तेव्हा निकाल येईपर्यंत मी माझ्या मुलीकडे पाहू शकत नव्हते. दोष निघाला नाही, पण निघाला असता तरी तो कोणाचा अपराध नव्हता. आजारी बायकांनी एकमेकींना आपला अनुभव सांगावा, औषध मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. आजारी घरी जाताना उपदेश नेऊ नका. धुणे, भाकरी, लेकरांचा अभ्यास, दवाखान्याच्या रांगेतली जागा, यांतले काही न्या. उलटलेल्या आजाराच्या बाईकडे जायला भीती वाटत असेल तर दोघी मिळून जा. काय बोलावे ते सुचले नाही तर भाजी निवडा.

अक्काचे उपचार संपून आता तीन वर्षे उलटून गेली. नव्या बाईच्या पहिल्या डोसच्या रात्री आता तीच फोन करते. ज्यांचा आजार उलटला आहे त्यांना ती आठवड्यातून एकदा फोन करते, आणि तिला जमले नाही त्या दिवशी मी करते.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एवढेच विचारा की आपल्या वस्तीत कोण आजारी आहे, आणि त्यांच्याकडे शेवटचे कोण गेले होते.